आजीच्या डब्यातले चांदीचे जुने रुपये, उर्दू/अरबी अक्षरं आहेत, ओळखायला मदत हवी

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आषाढात आमची आजी गेली, वय ९८. तिचा एक पितळी डबा होता, फिरकीच्या झाकणाचा, तो फक्त लक्ष्मीपूजनाला निघायचा. त्यात सात चांदीचे रुपये आहेत. आम्ही लहानपणापासून ते ताम्हनात हळदकुंकू लावलेले बघतोय पण कधी कुणी नीट उलटसुलट करून पाहिलेच नाहीत. आता घरात विषय निघालाय की चांदी सगळ्यांना सारखी वाटून टाकू, म्हणजे थोडक्यात सराफाकडे देऊन वितळवू. मला ते काही पटत नाहीये, पण नुसतं "नको" म्हणून चालणार नाही, काय आहे हे तरी सांगता यायला हवं.

वर्णन करते. दोन गोल आणि सुबक आहेत, त्यांच्यावर चारमिनार आहे. एकावर इंग्रजी १९०७ आणि टकल्या राजाचं डोकं. दोन अगदी ठोकळे आहेत, जाड, कडा ओबडधोबड, अक्षरं अर्धवट. एक तसाच पण जरा मोठा, त्यावर कुणीतरी टोचल्यासारख्या चार-पाच खुणा आहेत. आणि सातवा वेगळाच दिसतो, एका बाजूला मोराच्या पिसाऱ्यासारखं काहीतरी वेटोळं आहे. राजाचं डोकं सोडलं तर बाकी सगळीकडे उर्दू की अरबी अक्षरं. फोटो टाकलेत.

आजीचं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावकडचं. सासर म्हणजे आमचं घर बीड जिल्ह्यात. याचा काही उपयोग होत असेल तर म्हणून सांगितलं.

कोरा_कागद
गूगल लेन्स लावून बघा ना, दोन मिनिटांत सांगतं.

लिंबोणी
@कोरा_कागद मी लावलं होतं आमच्या एका रुपयाला. एकदा मोरोक्को म्हणालं, फोटो फिरवून लावला तर अफगाणिस्तान. निघाला इंदूरचा होळकरांचा, त्यावर चक्क सूर्याचा चेहरा होता तरी!

नाणेघाट
गोदाकाठ ताई, आधी एक विनंती, कुणालाही काही वितळवू देऊ नका, निदान हा धागा संपेपर्यंत. आणि घासूही नका.

आता एकेक घेऊ. पहिली गोष्ट, लिपी अरबी घराण्यातली आहे पण भाषा बहुतेक सगळीकडे फारसी आहे. उर्दू नाही. मोगलांच्या दरबाराची भाषा फारसी, म्हणून नाण्यावर फारसी, आणि मोगलांचं बघून पुढे सगळ्यांनीच तसं केलं. 

वाचायचं कसं? बऱ्याच नाण्यांवर मजकूर खालच्या ओळीकडून वर वाचत जायचा असतो, आणि जागा भरायला अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर चढवलेली असतात, त्यामुळे उर्दू छान वाचणारी माणसंही पहिल्यांदा गडबडतात. तुम्ही फक्त तीन गोष्टी शोधा. एक, "ज़र्ब" हा शब्द. ज़र्ब म्हणजे ठोकलेलं, पाडलेलं. त्याच्या शेवटचा ब म्हणजे एक लांबलचक होडी आणि खाली एक ठिपका. या होडीच्या आसपास गावाचं नाव असतं, म्हणजे टांकसाळ कुठली ते कळलं. दोन, "जुलूस". आपला मिरवणुकीचा जुलूस नाही, गादीवर बसणं. "सने जुलूस मैमनत मानूस" असा ठरलेला मंत्र असतो, म्हणजे सुखासमाधानाच्या राज्याचं अमुकतमुकावं वर्ष. तीन, आकडे. ते मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. १ म्हणजे काठी. ७ म्हणजे शेंडी नसलेला उघडा त्रिकोण, टोक खाली. ८ म्हणजे तोच उलटा, टोक वर. ५ बदामासारखा, टोक वर. २ आणि ३ आपल्या २-३ चे लांबचे भाऊ वाटतात, काठीला एक दात असला तर २, दोन असले तर ३.

चार आकडी सन सापडला की तो हिजरी. ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा, इसवी सन येतो, एखादं वर्ष इकडेतिकडे.

तुमच्या ठोकळ्या दोन नाण्यांचा फोटो मोठा करून बघितला. एकावर मला अंकुश दिसतोय, हत्तीचा माहूत वापरतो तो, आकड्यासारखा. दुसऱ्यावर त्याच जागी नुसती वाकडी दांडी दिसते, बाकीचा नाण्याबाहेर गेलाय. हे अंकुशी रुपये आहेत. पुण्याच्या टांकसाळीचे, पेशवाईतले किंवा पेशवाई गेल्यानंतरचे, कारण १८१८ नंतरही कंपनीनं काही वर्षं पुण्यात अंकुशीच पाडले. म्हणजे ते माहेरकडून आले असणार, साताऱ्याकडे हेच चालायचे.

अक्षरं अर्धवट का? ठसा मोठा आणि चकती लहान. घणाचा घाव बसला की चकतीवर जेवढा ठसा मावला तेवढाच उमटला. म्हणून एकाच ठशाचे दोन रुपये वेगवेगळे दिसतात, आणि म्हणून एका नाण्यावर सगळं वाक्य कधी मिळत नाही, पाच-सहा शेजारी ठेवून जुळवावं लागतं.

खडीसाखर
खुणावाल्या रुपयावर मला ४ आणि ६ दिसतायत, म्हणजे १९४६ का?

नाणेघाट
@खडीसाखर नजर चांगली आहे तुमची! ४६ च आहे. पण तो जुलूस, म्हणजे बादशहाच्या राज्याचं ४६ वं वर्ष. तो सुरती रुपया आहे, शाह आलम दुसरा याच्या नावाचा. दुसऱ्या बाजूला १२१५ हिजरी असणार. गंमत अशी की हे दोन सन एकमेकांशी जुळत नाहीत. शाह आलमचं पहिलं वर्ष ११७३ हिजरी, म्हणजे ४६ वं यायला हवं १२१८ मध्ये. कंपनीनं ४६ हा आकडा गोठवूनच टाकला होता, वर्षं उलटली, १८०६ मध्ये बादशहा वारला, तरी सुरतीवर ४६ च. हीच सुरती त्यांनी मुंबईच्या टांकसाळीतही पाडली. तिकडे मुर्शिदाबादच्या रुपयावर कायम १९, फर्रुखाबादच्यावर कायम ४५.

रायरेश्वर
माफ करा पण हे माझ्या डोक्यात बसत नाहीये. पुण्यात पेशव्यांच्या टांकसाळीत पाडलेल्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचं नाव? आणि फारसी? महाराजांनी १६७४ मध्ये होन आणि शिवराई पाडली ती स्वच्छ देवनागरीत, "श्री राजा शिव", "छत्र पति". मग पेशव्यांना काय अडचण होती? मला वाटतं ही नाणी मोगलांची असून कुणीतरी नंतर अंकुश मारलाय.

टांकसाळ_गल्ली
@रायरेश्वर प्रश्न रास्त आहे, मलाही पहिल्यांदा असाच धक्का बसला होता. पण अंकुश नंतर मारलेला नाही, ठशातच कोरलेला आहे, अक्षरांच्या मधे त्याच्यासाठी जागा सोडलेली दिसते.

असं बघा, होन आणि शिवराई ही महाराजांनी स्वतःच्या राज्याची ग्वाही म्हणून पाडली. चांदीचा रुपया ही वेगळी गोष्ट. तो सुरतेहून बुऱ्हाणपूरला, तिथून आग्र्याला जाणार, वाटेत प्रत्येक सराफ तो हातात घेऊन बघणार, ओळखीचा चेहरामोहरा नसला की किंमत कापणार. व्यापाऱ्याला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, पण "दिसतं कसं" हे पाठ होतं. म्हणून पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले सगळ्यांनी तोच चेहरा ठेवला आणि एका कोपऱ्यात आपली खूण घातली. पुण्याचा अंकुश, मल्हारनगरच्या होळकरी रुपयावर बेलपान आणि पिंड, बडोद्याच्या रुपयावर तर देवनागरीत "खा ग", "म ग", म्हणजे खंडेराव गायकवाड, मल्हारराव गायकवाड. इंग्रजांनीही १८३५ पर्यंत तेच केलं, तेव्हा कुठे आपल्या राजाचं डोकं घातलं. त्यांना काय बादशहाचं प्रेम होतं?

आणि गावांची नावं बघितली तर अजून चक्रावाल. पुणं "मुहियाबाद", नाशिक "गुलशनाबाद", मिरज "मुर्तजाबाद", चांदोर म्हणजे आपलं चांदवड "जाफराबाद". 

रायरेश्वर
@टांकसाळ_गल्ली खूण ठशातच आहे हे मान्य, फोटो पुन्हा बघितला. नाव दुसऱ्याचं असलं तरी टांकसाळीचा हक्क आणि त्यातलं उत्पन्न आपलं होतं हे लक्षात आलं. तरी मनाला लागतंच थोडं.

बालाघाट
गोदाकाठ ताई, तुमचे चारमिनारवाले म्हणजे आमच्याकडचा हाली शिक्का! माझे आजोबा शेवटपर्यंत "हाली का कळदार?" विचारायचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथं निजामाचा रुपया वेगळा. इंग्रजांचा तो कळदार, कळेवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. १०० कळदाराला जवळपास ११६ हाली मोजायला लागायचे. आमच्या गावातले म्हातारे जमिनीची जुनी किंमत सांगताना अजून सांगतात, "तवा हालीत घेतली होती, कळदारात नाही".

चारमिनारच्या मधल्या कमानीत बारीक एक अक्षर असेल बघा भिंग लावून. "ऐन" असलं, म्हणजे उलट्या ३ सारखं दिसणारं, तर उस्मान अली खान, सातवे निजाम. "मीम" असलं तर त्यांचे वडील महबूब अली खान. आणि ९२ आकडा दिसेल. तो सन नाही. अरबी अक्षरांना आकडे असतात, त्या हिशेबानं "मुहम्मद" या नावाची बेरीज ९२ येते. 

गोदाकाठ
बालाघाट दादा, भिंग लावून बघितलं, दोन्हींत उलटा ३ च आहे!! आणि खाली काठी, दोन दातांची काठी, पुन्हा दोन दातांची काठी, मग टोक खाली असलेला त्रिकोण. म्हणजे १३३७? गुणाकार केला, १९१८-१९ येतंय. मी आयुष्यात पहिल्यांदा असलं काही वाचलं, माझा मुलगा शेजारी बसून बघत होता तोही आता बाकीचे वाचायला मागतोय.

मोडीवाला
कळदारवरून आठवलं. आपण "नावाला बट्टा लागला" म्हणतो ना, तो बट्टा या नाण्यांचाच. रुपया जुन्या सनाचा असला, झिजलेला असला, परगावचा असला की सराफ तेवढी किंमत कापून घ्यायचा, ती कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. वर नाणेघाट यांनी गोठवलेल्या सनाचं सांगितलं त्याचं कारणही हेच आहे. सन पुढे सरकलाच नाही तर "जुन्या सनाचा आहे" म्हणून बट्टा कापणार कसा? आणि सुरती रुपयावर टोचल्यासारख्या ज्या खुणा आहेत त्या सराफांच्या. ज्यानं पारखला त्यानं आपला बारीक ठसा मारला, पुढच्यानं त्याचा. "नाणं खणखणीत आहे" हेही तिथलंच, दगडावर टाकून आवाज ऐकायचे. माझं आडनाव पोतदार, आमच्या घराण्याचं कामच नाणी पारखायचं होतं, घरात एक बारकी तराजू अजून आहे.

खडीसाखर
मोडीवाला, म्हणजे तुमच्याशी सोयरीक करताना मुलगी नाही, रुपया दाखवावा लागत असणार :)

मोडीवाला
@खडीसाखर आणि वाजवून घेतला असता :D

हिरवा_चाफा
मला मधेच लिहावंसं वाटलं. आमच्याकडे आईची रुपयांची माळ होती, अकरा रुपये, प्रत्येकाला वर कडी डागलेली. बारा वर्षांपूर्वी नव्या सुनेसाठी पैंजण करायचे म्हणून गावातल्या एका सराफाकडे दिली. त्यानं वजन केलं, कड्यांचा डाग वेगळा काढून घट धरली, आणि चांदीचे पैसे लावले. मी तिथेच उभी होते. त्यातल्या एकावर एका बाजूला देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं होती, मी वाचलं होतं "राउ श्री", पुढचं झिजलेलं. तेव्हा काही कळलं नाही. पैंजणही दोन वर्षांत मोडले. ताई, तुम्ही विचारताय तेच बरं करताय.

नाणेघाट
@हिरवा_चाफा "राउ श्री" म्हणजे कच्छची कोरी होती ती, भूजच्या टांकसाळीची. एका बाजूला कच्छच्या राजाचं नाव देवनागरीत, दुसऱ्या बाजूला फारसीत आधी बादशहाचं आणि पुढे व्हिक्टोरिया राणीचं. मुंबईत कच्छी मंडळींकडून फिरत फिरत बऱ्याच घरांत पोचलेली. वाईट वाटलं वाचून.

दापोलीकर
विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं एक. काजूची कलमं लावायला खणताना वडिलांना एक चांदीची तार सापडली होती, केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली, दोन बोटांएवढी. आई म्हणाली कुणाचा तरी जुना आकडा असेल. मी उजेडात धरला तर दोन्ही दांड्या चपट्या आणि त्यांच्यावर अक्षरं ठोकलेली! हे नाणं असू शकतं का?

टांकसाळ_गल्ली
@दापोलीकर ती लारी आहे! इराणच्या आखाताजवळ लार नावाचं शहर आहे त्याच्यावरून नाव. अरबी समुद्रातल्या व्यापारात ही तारेची नाणी एवढी चालायची की विजापूरच्या अली आदिलशहानं, म्हणजे दुसऱ्या, स्वतःच्या नावाची लारी पाडली. दाभोळ हे आदिलशाहीचं बंदर, तुमच्यापासून किती लांब? वजन करा, पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरेल. आकडा सरळ करू नका, मोडेल.

नाणेघाट
@दापोलीकर अजून एक. तुमची जमिनीत सापडलेली आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं काही दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. एक तार आहे म्हणून सोडून देऊ नका, रीतसर कळवा. गोदाकाठ ताईंची वंशपरंपरेनं घरात आलेली आहेत, तो प्रश्न वेगळा.

न्यू_जर्सीची_सई
मग माझा प्रश्न. आईकडे असेच चार रुपये आहेत, या डिसेंबरात येईन तेव्हा माझ्याबरोबर घेऊन जाऊ का? इथे ओळखून घेता येतील.

नाणेघाट
सई, नको. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. फोटो घेऊन जा. दोन्ही बाजू, आणि तिसरा फोटो कडेचा. उजेड बाजूनं तिरपा पडू द्या, समोरून फ्लॅश मारला की अक्षरं पुसली जातात. ग्रॅममध्ये वजन आणि मिलिमीटरमध्ये व्यास. एवढं असलं की बसल्या जागी ओळखता येतं. आणि नाशिकला आलात तर त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचंही नाण्यांचं संग्रहालय आहे.

माजघर
घासायचं का नाही यावर कुणीतरी नीट सांगा. आमच्याकडे धनत्रयोदशीला चिंच आणि रांगोळी लावून घासतात, चकचकीत होतात.

टांकसाळ_गल्ली
@माजघर चिंचेचं आम्ल आणि रांगोळीची धार, दोन्ही मिळून दर वर्षी अक्षरांचा एक थर नेतात. काळपट झालेली चांदी खराब झालेली नसते, तो काळा थर उलट खालच्या अक्षराला धरून असतो. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं, टिपून कोरडं करायचं. बस. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, साध्या कागदात गुंडाळा.

माजघर
मग पूजेत ठेवूच नयेत का? हळदकुंकवानं पण डाग पडतात. नवीन चांदीचं नाणं आणून पूजेला ठेवावं आणि हे कपाटात, असं मला वाटायला लागलंय.

बालाघाट
माजघर ताई, मला नाही पटत. आमच्या गल्लीत जेवढ्या घरांत जुने रुपये उरलेत ती सगळी पूजेतली आहेत. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अंगावरचं, भांडी, सगळं विकलं. देवातलं नाही विकलं. कपाटात असते तर पहिल्या अडचणीला गेले असते. हळद लागू द्या, नंतर पुसून ठेवा.

हिरवा_चाफा
बालाघाट, खरंय. आमची माळ कपाटात होती.

गोदाकाठ
आज सराफाकडे जाऊन वजनं करून आणली. त्यांनी टंचही, म्हणजे चांदी किती शुद्ध तेही, काढून दिला. अंकुशी ११.१ आणि ११.२ ग्रॅम. सुरती ११.५. राजाच्या डोक्याचा ११.६. हाली दोन्ही ११.१. सातवा पिसाऱ्यावाला १२.०! आणि सराफ म्हणाले याची चांदी अंकुशी, सुरती आणि राजाच्या रुपयापेक्षा हलकी आहे, ८३ टक्क्यांच्या आसपास, आणि "हा आपल्याकडचा रुपया वाटत नाही". राजाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला पण मुकुटाखाली बारीक फारसी अक्षरं आहेत, ती काय?

मोडीवाला
राजाच्या डोक्याचा म्हणजे सातवा एडवर्ड, १९०७. मागे "यक रुपया" लिहिलंय. हा बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, तुमचा किंचित झिजलाय. "रुपयाभार सोनं" म्हणायच्या बायका ते याच्याच वजनावरून, तराजूत दुसऱ्या पारड्यात रुपया टाकायचे.

बालाघाट
सातवा पण हैदराबादचाच असेल बघा. निजामाच्या तांब्याच्या दोन पैवर असाच पिसारा असतो, त्याला तुघरा म्हणतात, राज्यकर्त्याची वळणदार सही. माझ्याकडे आहे दोन पै. चांदीतही पाडला असेल.

नाणेघाट
@बालाघाट तुघरा आहे हे शंभर टक्के बरोबर. पण हैदराबाद नाही वाटत. १२ ग्रॅमचा चांदीचा रुपया निजामानं पाडलेला नाही. तुघऱ्यात वर तीन उभ्या काठ्या आहेत, डावीकडे अंड्यासारखी दोन वेटोळी, उजवीकडे शेपट्या. हे वळण माझ्या ओळखीचं आहे पण आधी मागची बाजू वाचून बघू. गोदाकाठ ताई, तुम्हीच वाचा. होडी शोधा.

गोदाकाठ
तासभर बसलो मुलगा आणि मी. होडी सापडली, खाली ठिपका. म्हणजे ज़र्ब. त्याच्या पुढे डावीकडे लगेच एक छोटं अक्षर, गोल डोकं वर एक ठिपका, आणि मागे वळलेलं शेपूट. खालच्या ओळीत लांब शब्द आहे, सुरुवातीला गोल डोक्यावर दोन ठिपके. शेवटी आकडे: काठी, दोन दात, एक दात, टोक खालचा त्रिकोण. १३२७. तुघऱ्याखाली एकटा आकडा आहे, बदामासारखा.

दोहा_ते_देवगड
ताई, मी कतारमध्ये वीस वर्षं आहे, अरबी बोलतो, वाचतो. ठिपक्याचं गोल डोकं आणि शेपूट म्हणजे "फी". अरबी शब्द, अर्थ "मध्ये". म्हणून हे फारसी वाक्य नाही, अरबी आहे, "अमुक ठिकाणी पाडलेलं". दोन ठिपक्यांचं गोल डोकं म्हणजे "क़ाफ". पूर्ण शब्द कुस्तुन्तुनिया. आजचं इस्तंबूल. नाणेघाट साहेबांना वळण ओळखीचं वाटलं ते यासाठी, हा तुर्कांच्या सुलतानाचा तुघरा आहे.

नाणेघाट
बरोब्बर! मनापासून आभार दोहा_ते_देवगड. १३२७ हिजरी म्हणजे १९०९. त्या वर्षी पाचवा मेहमद सुलतान गादीवर आला, आणि तुर्कांची पद्धत अशी की नाण्यावर गादीवर बसल्याचं वर्ष कायम ठेवायचं आणि तुघऱ्याखाली राज्याचं कितवं वर्ष ते घालायचं. बदाम म्हणजे ५. म्हणून नाणं साधारण १९१३ चं. दहा कुरुश (तुर्कांचं चलन), १२ ग्रॅम, ८३ टक्के चांदी. तुमच्या सराफांनी अचूक टंच काढला.

आता प्रश्न हा की कोरेगावच्या किंवा बीडच्या घरात तुर्की नाणं आलं कसं? तुमच्या घरातलं कुणी हजला जाणारं नसणार. कुणी फौजेत होतं का?

रायरेश्वर
मी सांगू का? सातारा म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, म्हणजे आत्ताच्या इराकमध्ये, आणि तो मुलूख तेव्हा तुर्कांचा. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी वेढा घातला, त्यात ११० वी मराठा होती, १०३ वी होती, ११७ वी होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, घोड्याचं मांस खाऊन दिवस काढले. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर "अपशिंगे मिलिटरी" म्हणूनच ओळखलं जातं. ताई, माहेरकडच्या कुणाला तरी विचारा.

दोहा_ते_देवगड
आणि पलटणींबरोबर आपला रुपयाही तिकडे गेला. इराकचा दिनार १९३२ मध्ये आला, तोपर्यंत तिथे हिंदुस्थानचा रुपया चालायचा.

गोदाकाठ
काल रात्री मोठ्या आत्याला फोन केला. ती ७९ वर्षांची, कान कमी आहेत, मोठ्यानं विचारावं लागतं. मी फक्त एवढंच विचारलं, "आत्या, आजीच्या डब्यात तो पिसाऱ्याचा रुपया आहे तो कुठला गं?" ती लगेच म्हणाली, "तो बसऱ्याचा. माझ्या आजोबांचा."

आजीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, पलटणीत होते, बसऱ्याला, म्हणजे इराकात, होते तीन वर्षं. परत आले तेव्हा एका कानानं ऐकू येत नव्हतं. आजी त्यांची धाकटी. लग्नात तिला वडिलांनी हातावर तीन रुपये ठेवले, दोन अंकुशी त्यांच्या आईचे आणि हा एक. आत्या म्हणाली आजी लक्ष्मीपूजनाला बाकी सगळे ओळीनं मांडायची पण हा मधे ठेवायची, आणि पहिलं कुंकू त्यालाच. मी इतकी वर्षं ते ताम्हन बघितलंय. मधला वेगळा आहे हे कधी लक्षातच आलं नाही.

हाली दोन्ही सासूनं दिलेले. सुरती आणि एडवर्डचं आत्याला माहीत नाही.

आज घरी सगळ्यांसमोर हे सांगितलं. काका बराच वेळ ते नाणं हातात फिरवत बसले. मग म्हणाले, डबा तुझ्याकडेच राहू दे, दिवाळीला सगळे इकडे येऊ.

खडीसाखर
डोळ्यांत पाणी आलं ताई.

बालाघाट
माझा अंदाज चुकला याचा आज आनंद झाला. सासूनं दिलेले हाली मात्र आमचे हां!

माजघर
मधला रुपया मधेच ठेवा.

नाणेघाट
ताई, एक काम आजच करा. सात कागदाच्या पुड्या करा आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहा, कुठलं नाणं, वजन, आणि कुणाकडून आलं. शाई नको. आत्यांना अजून काय काय आठवतंय तेही लिहून घ्या, पणजोबांचं पूर्ण नाव, गाव, पलटणीचा नंबर कळला तर उत्तमच. आणि सुरतीच्या सराफी खुणांचा जवळून फोटो टाकाल का? त्यातली एक मला फुलासारखी वाटतेय.

गोदाकाठ
टाकते उद्या सकाळी उजेडात. पलटणीच्या नंबराचं आत्याला आठवत नाही, पण कोरेगावला मामेआजोबांकडे पितळेचं एक पदक आहे म्हणे, त्याच्या कडेवर काहीतरी कोरलंय. रविवारी जातेय.

दापोलीकर
लारीचं वजन केलं. ४.७ ग्रॅम. सोमवारी तहसीलला जातोय.